भैरोबाचा कौल

सोनई, श्रावणी सोमवार, १९४६

गेल्या श्रावणात एका सकाळी भैरोबाला दोन फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर लेकीनं, गंगूनं, नगरला नर्सचं शिकायला जायचं. डावं पडलं तर इथंच मास्तरीण व्हायचं. उजवं फूल मी ओल्या अंगठ्यानं मुद्दाम जास्त दाबलं. डावं पडलं.

"देवच न्हाई म्हनतोय, मग काय!" गंगू म्हणाली. वर्षभर मुकाट्यानं बाराखडी शिकवते आहे. पोरगी नर्स झाली तर लोक बोलतील, एवढीच ना माझी भीती? मग देवाच्या आड का लपलो? तो अंगठा अजून ओला वाटतो.

आज तिला खरं सांगितलं.

"आबा, देवाला तरी यातनं सोडायचं हुतं," एवढंच बोलली.

नगरच्या इस्पितळाचा अर्ज तिनं लिहिला. त्याच अंगठ्यानं तिकीट चिकटवून मी तो टपालात टाकून आलो.