आबांचे नरसाळे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक तक्रार कक्ष, तिसरा मजला
(लिफ्ट बंद असल्यास जिन्याने).

विषय : आलिशान गाडीच्या इंजिनातून वारंवार होणाऱ्या तेलगळतीबाबतची तक्रार मागे घेणे, अहवालातील एक वाक्य बदलणे आणि ताब्यात घेतलेले पत्र्याचे नरसाळे परत मिळणे याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मूळ तक्रार अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.
२) आपल्या कक्षाने नेमलेल्या तपासनिसांसमोर झालेली गाडीची तपासणी व तिच्या अहवालाचा मसुदा.

महोदय,

१. प्रस्तुत अर्ज हा मूळ अर्जाच्या अगदी उलटा आहे, हे सुरुवातीलाच नमूद करणे क्रमप्राप्त आहे. मूळ अर्जात गाडीची पूर्ण किंमत, दुरुस्तीचा सगळा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागितली होती. आता त्यातले काहीही नको. अर्जदाराचे डोके ठिकाणावर असून त्याच्यावर कोणाचाही दबाव नाही. अर्जात 'मी' न लिहिता 'अर्जदार' लिहावे, हे आपल्या खिडकीवरील लिपिकांनी दोनदा कागद परत करून शिकवले आहे, त्यामुळे निदान ती चूक या खेपेस नाही.

२. अर्जदाराचे चष्म्याचे दुकान आहे. एवढी मोठी गाडी त्याने मिरवण्यासाठी घेतली, असा शेजाऱ्यांचा समज आहे आणि तो त्यांना लखलाभ. अर्जदाराचे वडील (घरात आणि यापुढे या अर्जात 'आबा') आयुष्यभर बसवर ड्रायव्हर होते. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत. जुन्या लहान गाडीत त्यांना बसवायचे म्हणजे आधी डोके, मग कंबर, मग एकेक पाय असे हप्त्याहप्त्याने आत घ्यावे लागे. एकदा ते भर रस्त्यात म्हणाले, "मी काय कपाट आहे?" आणि त्यानंतर त्यांनी बाहेर पडणेच सोडले. या गाडीची सीट बसच्या ड्रायव्हरच्या सीटइतकी उंच आहे. शोरूममध्ये आबा तिच्यावर नुसते मागे सरकून बसले, समोरच्या काचेतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं. इथून रस्ता दिसतो." अर्जदाराने दुकानाचे नवे फर्निचर रद्द केले आणि त्याच संध्याकाळी कागदांवर सह्या केल्या.

३. गाडी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत खालच्या फरशीवर पहिला काळा ठिपका दिसला. अर्जदार गाडी घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे माणूस आत रुतून बसेल असे सोफे आहेत, कॉफी फुकट आहे आणि सर्व्हिस मॅनेजर इतके गोड बोलतात की भांडायला आलेला माणूस आभार मानून बाहेर पडतो. या वर्कशॉपचा एक नियम आहे, तो आपण कृपया नीट लक्षात घ्यावा. धुतल्याशिवाय कोणतीही गाडी तपासणीला घ्यायची नाही. म्हणजे इंजिनावर ओघळलेले तेल आधी फवाऱ्याने लख्ख धुऊन काढायचे, मग बॅटरीच्या उजेडात गळती शोधायची आणि मग कागदावर लिहायचे : 'गळती आढळून आली नाही.' अर्जदाराने हात जोडून सांगितले की, अहो, न धुता बघा! त्यावर मॅनेजर म्हणाले, "सर, कळकट गाडीला आमची मुलं हात लावत नाहीत. स्टँडर्ड आहे आमचं."

४. तरी अर्जदार अडून बसल्याने एकूण चार वेळा दुरुस्ती झाली. पहिल्या खेपेस इंजिनाच्या सांध्यातले रबर खरोखरच फाटलेले निघाले, हे अर्जदारास मान्य आहे. पुढच्या तिन्ही खेपांना भाग वेगळा, बिल वेगळे आणि गळती तीच. बदललेला भाग म्हणून अर्जदाराच्या हातावर करंगळीएवढी रबराची कडी ठेवण्यात येई, आणि बिल असे की दुकानातल्या सगळ्या फ्रेमा विकून वर गल्ल्यातली चिल्लर ओतावी. बिलाची शेवटची ओळ दर वेळी एकच : 'तेल भरणे.' निघताना मॅनेजरांचा सल्लाही एकच : "कमी वाटलं तर घरी थोडं टाकत जा, सर."

५. दरम्यान सोसायटीच्या चेअरमनबाईंनी अर्जदाराच्या नाकी नऊ आणले. त्यांनी आधी नोटीस लावली, मग ठिपक्यांचे फोटो लावले आणि शेवटी अर्जदाराने दररोज सकाळी लाकडाचा भुसा टाकून फरशी पुसावी असा ठराव केला. शहरात ज्याचे दुकान चालते, असा माणूस रोज लुंगीवर गाडीखाली पालथा पडलेला असे आणि शाळेला निघालेली मुले त्याला ओलांडून जात. अर्जदाराच्या मेहुण्यांनी तर कमाल केली. त्यांच्या दारात गाडी थांबली की ते 'या, बसा' म्हणण्याआधी आतून परात आणतात आणि गाडीखाली सरकवतात. पत्नीच्या माहेरी अर्जदाराची जी काही किंमत होती, ती त्या परातीत थेंबाथेंबाने गेली.

६. आता मूळ मुद्दा. या गाडीला तेल मोजायची पट्टी नाही. साध्यातल्या साध्या गाडीला ती असते. बाहेर काढा, पुसा, बुडवा, बघा. या गाडीत त्याऐवजी समोरच्या काचेखाली टीव्हीसारखा पडदा आहे, आणि इंजिन गरम करून गाडी सपाट जागेवर उभी केली तरच तो पातळी सांगतो. अर्जदाराची पार्किंगची जागा तळघराच्या उतारावर आहे. तिथे पडदा रोज एकच सांगे : 'सपाट जागेवर उभी करा.' गाडी देताना शोरूमच्या माणसाने आतल्या दिव्यांचे रंग कसे बदलावेत हे तासभर शिकवले. तेल कसे मोजावे याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, आणि अर्जदारानेही विचारले नाही.

७. आपल्या कक्षाने गाडी न धुता तपासण्याचा आदेश दिला, तेव्हा अर्जदाराचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी आबा हट्टाने सोबत आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पुढची सीट. त्यांनी घरून आपली पिशवीही आणली होती. तपासनिसांनी वर्कशॉपच्या माणसांना इंजिनातले सगळे तेल मापाच्या डब्यांत काढायला लावले. या इंजिनात आठ लिटर तेल मावते. आठ झाले, नऊ झाले, तरी धार चालूच. अकराव्या लिटरला ती थांबली. तपासनीस म्हणाले, "आत जागाच उरली नाही की तेल जिथून मिळेल तिथून वाट काढतं. तुम्ही कितीही रबरं बदला." मग त्यांनी विचारले की, एवढे तेल टाकते कोण?

८. आबा पुढे झाले. त्यांनी पिशवीतून पत्र्याचे नरसाळे काढून दाखवले आणि अभिमानाने म्हणाले, "मी. रोज सकाळी एक पेला. एक दिवस चुकलो नाही." महोदय, आबांच्या डेपोत जुन्या बसगाड्या तेल प्यायच्या. सकाळी पहिला पेला इंजिनाला आणि मग किल्ली, अशी तिथली शिस्त होती. आबांची बस रस्त्यात कधी बंद पडली नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई आहे. मुलाच्या गाडीतून तेल गळते, मुलगा हैराण झाला आहे, हे ते रोज बघत होते. म्हणून अर्जदार भुसा आणायला वर गेला की ते तेवढ्यात काम उरकत. अर्जदाराला वाईट वाटू नये म्हणून ते बोलले नाहीत. आणि आबांना काळजी वाटू नये म्हणून अर्जदारही दर रविवारी गुपचूप एक डबा ओतत होता, तेही बोलला नव्हता. त्यावर वर्कशॉपचे 'तेल भरणे' होतेच. अशा रीतीने तिघांनी मिळून त्या इंजिनाला नाकातोंडात जाईपर्यंत पाजले.

९. मॅनेजर हसले. मोठ्याने नाही, पण हसले. येताना आबा मागच्या सीटवर बसले. घरापर्यंत ते एकच वाक्य बोलले, "सगळं माझ्यामुळेच म्हणायचं." अर्जदाराने घाईघाईने सांगितले की, अजून काही ठरलेले नाही, अधिकारी निकाल देतील तेव्हा कळेल. तेव्हापासून आबा खाली उतरलेले नाहीत. ते विचारतात, "कागद आला?" कागदावर जे येईल ते खरे, असे मानणाऱ्या पिढीतले ते आहेत. घरचे टपाल तेच घेतात, तेच फोडतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात.

१०. आणि आपल्या कक्षात अर्जदाराला वाचायला दिलेल्या मसुद्यात लिहिले आहे : 'सदर गळती वाहनमालकाच्या कुटुंबातील वृद्ध व अनभिज्ञ व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे उद्भवली.' महोदय, हे वाक्य आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, एकेक शब्द सुटा करून, स्वतःच्या तोंडाने वाचणार आहेत. 'अनभिज्ञ' म्हणजे काय, ते त्यांना माहीत आहे. अर्जदाराला राग येतो. वर्कशॉपचा येतो, मसुदा लिहिणाऱ्याचा येतो आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येतो. चार खेपांत वर्कशॉपने गाडी चार वेळा धुतली, एकदाही मोजली नाही. अनभिज्ञ कोण?

११. सबब विनंती की,

(अ) अर्जदाराची भरपाईची मागणी निकाली काढावी. एक रुपयाही नको. मॅनेजरांना जिंकल्याचा आनंद होईल, तो होऊ द्यावा.

(आ) वरील वाक्य काढून त्या जागी असे लिहावे : 'वाहनमालकाने तेल प्रमाणाबाहेर भरले व वर्कशॉपने ते एकदाही मोजले नाही.' यात खोटे काही नाही. रविवारचे डबे अर्जदाराचेच आहेत.

(इ) तपासणीच्या वेळी पुरावा म्हणून ताब्यात घेतलेले नरसाळे परत मिळावे. ते डेपोतल्या लोहाराने आबांसाठी जुन्या डब्याच्या पत्र्यातून केले होते. काठावर आबांचा बिल्ला नंबर ठोकलेला आहे. सकाळी उठल्यावर आबांचा हात अजून नरसाळ्याच्या खुंटीकडे जातो आणि तसाच खाली येतो. अर्जदार हे समोरच्या खोलीतून रोज बघतो आहे, आणि त्याला आता बघवत नाही.

१२. नरसाळे परत दिल्यास पुन्हा तेल ओतले जाईल, ही आपली शंका रास्त आहे. अर्जदाराच्या पत्नीने यावर तोड काढली आहे. गाडीच्या पुढची काच धुण्याच्या पाण्याची वेगळी टाकी असते, तिचे झाकण इंजिनाशेजारीच आहे. तिथे रोज सकाळी एक पेला पाणी टाकायचे काम मोकळे आहे. त्यासाठी माणूस हवा आहे, असे आबांना रीतसर कळवण्यात येईल. पाणी जास्त झाले तर ते फक्त सांडते. सांडलेल्या पाण्याबद्दल सोसायटीची काहीही तक्रार राहणार नाही, असे चेअरमनबाईंनी, आबांसाठी म्हणून, स्वतःहून लिहून दिले आहे.

आपला,
हात टेकलेला, तरी नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : १९ जून

सोबत :
१) चेअरमनबाईंचे पत्र.
२) पोस्टाचे तिकीट न लावलेला लिफाफा. निकालाची प्रत यात घालून ठेवावी. वाक्य बदललेले नसेल, तर अर्जदार ती स्वतः येऊन घेऊन जाईल. बदललेले असेल, तर कृपया तिकीट लावून आबांच्या नावे घरी पाठवावी.