पान दोनशे बारा

३ मार्च, सोमवार

एकशे चौदा पुस्तकं आली आणि त्यांतली एकोणीस मोटारदुरुस्तीची! एकाच घरातून. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "गाडी गेली, पुस्तकं राहिली." स्वतःच्याच विनोदावर हसले. मी हसले नाही. तीन जिने चढून दम लागला होता.

हे निवृत्त बसड्रायव्हर. त्यांची जुनी व्हॅन आणि माझी यादी — यावर आमचं वाचनालय चाललंय. परक्या देशातल्या या गावात मला अकरावा महिना. एका संस्थेतर्फे वर्षभराची सेवा, बिनपगारी. लोकांच्या घरची पडून असलेली पुस्तकं गोळा करायची, साफ करायची, गावातल्या ज्यांना हवीत त्यांना द्यायची. एप्रिलअखेर परत.

खोली म्हणजे पूर्वीचं पोस्ट. पत्रं लावायचे लाकडी खण अजून भिंतीवर आहेत. पुस्तकं त्यांत उभी मावत नाहीत, आडवी झोपवावी लागतात. दाराशी माझे तीन नियम चिकटवलेत — फाटलेलं जोडा, धूळ पुसा, पेन्सिलीचं खोडा. दुसऱ्यानं उष्टावलेलं पुस्तक वाचणाऱ्याला का द्यायचं? एकतीस वर्षं शाळेत हेच सांगत आले. इथले लोक पाठीमागे मला 'खोडरबर' म्हणतात. म्हणू देत.

६ मार्च

दिवसभर फक्त खोडलं. बोटं काळी. एका कादंबरीत पानोपानी कुणीतरी 'खोटं!' लिहून ठेवलेलं. चाळीस पानं 'खोटं! खोटं!' आणि मग एकदम 'बरं, असेलही.' सगळं खोडलं.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. "जेवलीस का?" — पहिला प्रश्न साठ वर्षांत बदललेला नाही. दुसरा, "खोकं पोचलं का?"

"कसलं खोकं?"

"अगं, माळ्यावरची पुस्तकं. तुझीच. उगाच वाळवीच्या घशात कशाला घालायची? तिकडच्या बायांना होतील. बोटीनं टाकलंय, दीड महिना झाला."

"आधी विचारायचं नाहीस का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बहात्तरची. आवाज मात्र खणखणीत.

फोन ठेवला आणि पाच मिनिटांत तिच्या मुलीचा आला. भाची हळू आवाजात बोलत होती. "मावशी, मी सांगितलं म्हणून आईला कळू देऊ नकोस. तिला आता वाचता येत नाही. डोळ्यांचा पडदा गेलाय. कडेचं दिसतं, मधलं सगळं पुसल्यासारखं, म्हणते. डॉक्टरांनी हात टेकले. रोज सकाळी पेपर उघडून बसते गं. पानंही उलटते. आम्हाला वाटावं वाचतेय म्हणून."

म्हणून माळा रिकामा केला तर!

ताई आणि हातात पुस्तक नाही, हे काही डोळ्यांपुढे येईना. आमच्या घरी टेबल एकच. एका बाजूला मी अभ्यास करत बसायची, दुसऱ्या बाजूला ती भाजी निवडायची. निवडता निवडता माझं पुस्तक उलटं वाचायची. उलटं! अक्षरं डोक्यावर उभी असली तरी तिचं अडायचं नाही. एक वर्ष तीही कॉलेजात गेली होती. मग आई अंथरुणाला खिळली, घरात कुणीतरी हवं होतं. "ताईला अभ्यास झेपला नाही" असं चारचौघांत सांगितलं गेलं. तिनंच सांगितलं. मीही पुढे तेच सांगत आले.

मी झोपले की माझी पुस्तकं घ्यायची आणि समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहायची. वर्षअखेरीला पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलींना विकायची असत. त्याआधी सगळं खोडत बसायची मी. चरफडत. काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही.

१४ मार्च

टेकडीवरच्या घरातले आजोबा. एक पुस्तक देतो म्हणाले. व्हॅनपर्यंत आले, परत मागून घेतलं. "शेवटचं पान बघून देतो." पाहिलं. दिलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "ठेवा हो तुम्हालाच." तर रागावले — "मी कंजूष वाटलो का तुम्हाला?"

ड्रायव्हरसाहेब परतताना म्हणाले, "तुमच्याकडे कुणी मागितलं तर तुम्ही कोणतं देणार नाही?"

मी म्हटलं, "माझ्याकडे नाहीतच. सगळी वेळच्या वेळी विकली."

१९ मार्च

खोकं आलं. कोपरे चेपलेले, दोरीला ताईची गाठ. सुटता सुटेना. कापली नाही, नखांनी सोडवली. वीस मिनिटं गेली.

आत बहुतेक बक्षिसाची पुस्तकं. तळाशी शरीरशास्त्र! बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं. तपकिरी कव्हर, तेही ताईनंच घातलेलं. हे एकच विकलं गेलं नव्हतं. का, ते काही आठवत नाही.

समास भरलेले. बारीक अक्षर, शिवणाच्या डब्यातल्या बोटभर पेन्सिलीचं. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर मराठी अर्थ. आणि प्रश्न. नुसते प्रश्न!

खोडरबर समोर होता. म्हटलं, उद्या.

२१ मार्च

लाँड्रीवाली आली. पलीकडच्या गल्लीत हिची इस्त्री चालते. दोन मुलं, नवरा बोटीवर. चाळिशी ओलांडल्यावर बाईच्या मनात आलंय, परिचारिकेचा कोर्स करायचा. मे महिन्यात प्रवेशपरीक्षा. इंग्रजी कामापुरतं येतं. चार महिने माझ्या मागे लागलीये — शरीराचं पुस्तक, शरीराचं पुस्तक.

"जुनं आहे," मी म्हटलं. "अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं."

"तेव्हा हाडं कमी होती का?"

पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिनं पुस्तक उघडलं ते थेट समासावर बोट. "हे काय लिहिलंय?"

"काही नाही. खोडायचं राहिलंय."

"पण काय लिहिलंय?"

वाचावं लागलं. इलाजच नव्हता. पान सत्तावन्न — "हृदय झोपत नाही म्हणतात. मग त्याला विसावा कधी?"

लाँड्रीवाली दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. "हो की! कधी?"

मी सांगितलं. दोन ठोक्यांच्या मध्ये. प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर. असं थोडं थोडं करून आयुष्यभर.

"अजून वाचा."

पान अठ्ठ्याण्णव — "रडताना नाक का वाहतं?" पान एकशे एकवीस — "बाळाला आईचं रक्त मिळतं, की नुसतं पोषण?" पान एकशे चाळीस — "डावं मूत्रपिंड उजव्याहून वर का? इथे लिहिलंय की वर असतं. का, ते लिहिलं नाही." बरोबर! पुस्तकात ते खरंच दिलेलं नाही. मी हे पुस्तक पाठ करून वर्गात पहिली आले आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. उजवीकडे वर यकृत असतं, म्हणून. साधी गोष्ट.

"हे विचारणारी कॉलेजात होती तुमच्याबरोबर?"

"नाही. घरी होती."

"हे खोडू नका," लाँड्रीवाली म्हणाली. "पुस्तक कळत नाही. हे कळतं."

नियम मोडला. ड्रायव्हरसाहेबांनी पाहिलं आणि छताकडे बघून शीळ घातली.

२३ मार्च, रविवार

ताईचा फोन. "आज पेपरात काय आलंय, वाचलंस का?" मी विचारलं. आणि जीभ चावली.

"वाचलं की," ती म्हणाली. "नेहमीचंच."

२५ मार्च

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर लाँड्रीवाली येते. ती प्रश्नावर बोट ठेवते, मी सांगते. आज त्वचेचा धडा. पान दोनशे बारा. ताईचं बारीक अक्षर — "दुसऱ्यानं केल्या तर गुदगुल्या होतात. आपल्याच हातानं का होत नाहीत?"

त्याखाली निळी शाई. ठसठशीत. पुस्तक आडवं धरून लिहिलेलं, म्हणजे कुणाच्याही नजरेत भरेल असं.

"हे तुला कशाला हवं? परीक्षा मला आहे, तुला नाही. पुस्तक घाण करू नकोस."

अक्षर माझं.

लाँड्रीवालीला म्हटलं, आज एवढंच. ती गेल्यावर पुढची पानं उलटली. दोनशे तेरा. दोनशे चौदा. तीनशे. चारशे ऐंशीपर्यंत. समास कोरे. डोक्यावर अर्थ नाहीत, प्रश्न नाहीत, साधी रेघ नाही.

मला हे आठवत नाही. लिहिलेलं आठवत नाही. ते टेबल आठवतं, दिव्याची काळी पडलेली काच आठवते, ताईच्या मनगटावरचा हिरव्या काचेचा एकच बिलवर आठवतो, तो टेबलाला लागून वाजायचा तेही आठवतं. हे मात्र नाही. बरं झालं असतं ना, मी कधी काही म्हटलंच नव्हतं असं निघालं असतं तर!

आणि हे पुस्तक विकलं का गेलं नाही तेही कळलं. शाई होती म्हणून कुणी घेतलं नाही.

२६ मार्च

खोडरबर घेऊन बसले. कागद झिजला. शाई आहे तिथेच.

२८ मार्च

लाँड्रीत गेले. कोंदट उबारा, शर्टांची चळत, भिंतीवर परीक्षेच्या तारखेला लाल गोल. लाँड्रीवाली इस्त्री थांबवत नाही, बोलताना सुद्धा.

"दोनशे बारावर काय होतं? तुमचा चेहरा उतरला होता."

सांगितलं. जसंच्या तसं. परक्या भाषेत ते वाक्य आणखी वाईट वाटतं. की तेवढंच वाईट असतं आणि आपल्या भाषेत सवय झालेली असते?

कॉलर उलटवून तिनं तीवर इस्त्री दाबली. "शाई माझ्याकडेही पूर्ण जात नाही. गिऱ्हाइकाला मी आधीच सांगते. फिकी होईल, जाणार नाही."

"मग काय करतं गिऱ्हाईक?"

"घालतं की तोच शर्ट."

मी निघाले तर मागून ओरडली, "त्या बाईला फोन तरी कराल का? खोडरबर!" तोंडावर म्हणाली. पहिल्यांदाच.

३० मार्च, रविवार

मीच लावला फोन. ती "जेवलीस का" म्हणायच्या आत म्हटलं, "ताई, मला डोळ्यांचं कळलंय."

"कार्टीच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच निघून आली असतीस. आणि इथे येऊन मला शिस्त लावली असतीस."

हसले मी. मग धीर केला. म्हटलं, "तुझं ते शरीरशास्त्राचं पुस्तक. त्यात मी एका ठिकाणी…"

"दोनशे बारा," ताई म्हणाली.

तिला पान पाठ होतं.

"माफ कर" असं मी म्हटलं की नाही, आता नक्की सांगता येत नाही. काहीतरी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. एकतीस वर्षं मुलींना "स्पष्ट बोल" म्हणून दरडावलं मी!

"अगं, वीस वर्षांची होतीस. परीक्षा डोक्यावर होती," ती म्हणाली. "आणि माझंही चुकलंच की. पुस्तक तुझं होतं."

"पुढचे समास कोरे आहेत, ताई."

"पुढे वाचलंच नाही मी."

"कधीच?"

"माळ्यावर होतं ना. पुसायला काढायची. दोनशे बारापर्यंत यायची नि ठेवून द्यायची." बांगड्यांचा आवाज आला. "काय होतं गं त्याच्यापुढे?"

३१ मार्च

संस्थेला पत्र टाकलं. एप्रिलअखेर नाही, सोळा तारखेला निघते. ड्रायव्हरसाहेबांना यादी दिली, खोलीची किल्ली दिली. ते म्हणाले, "नियम राहू देऊ का दारावर?" तिसरी ओळ मी स्वतः फाडली.

पुस्तक लाँड्रीवालीलाच. परीक्षा तिची आहे. पण तोवर एक अट घातली — रोज संध्याकाळी वाचन, आणि फोन इस्त्रीच्या टेबलावर चालू. आधी इंग्रजी वाचायचं, मग मराठीत सांगायचं. लाँड्रीवाली म्हणाली, "गर्दी वाढली म्हणून इस्त्रीचे दर वाढवू का?"

१ एप्रिल

पान दोनशे तेरा. बोटांच्या टोकांना सगळ्यात जास्त कळतं, असं वाचलं. मराठीत सांगितलं. चौथ्याच ओळीला फोनमधून आवाज —

"थांब, थांब. मग तव्याचे चटके खाऊन खाऊन ज्यांची बोटं निबर झालीत, त्यांचं काय?"

मला उत्तर येत नव्हतं. लाँड्रीवालीकडून पेन्सिल मागून घेतली आणि प्रश्न समासात लिहून ठेवला.