आईची चक्कर

पोपटदादा,

आईला डॉक्टरांना दाखवून आणलं. घाबरू नको, हार्ट अ‍ॅटॅक नाय. त्यांनी लांब श्वास घ्यायला लावून कार्डिओग्राम काढला. श्वासाबरोबर ठोके कमी-जास्त व्हायला हवेत, आईचे एकाच चालीनं पडतात. "डायबेटीसनं नसा मंदावल्यात, म्हणून उठताना रक्तदाब उतरतो नि चक्कर येते. हे सोंग नाही," असं डॉक्टर म्हणाले. आई तिथंच रडायला लागली. "पोपटला एवढं सांग गं," म्हणाली.

मी मोहोपाड्याला घरी निघते, पोरं वाट बघत असतील. आई आत झोपलीय. जेवायला उठवशील तेव्हा आधी खाटेवर जरा बसव, मग हात दे. तू चिडून बोललास ते तिनं मनात ठेवलं नाय. तुझ्या भाकऱ्या तिनंच केल्यात.

जया