ट्राउटच्या नदीची ओटी

कॅसल हिल, सिडनी
नोव्हेंबर २०२१

ती. नीलावन्सं यांस,

सुचित्राचा नमस्कार. गुडघा कसा आहे? नुसतं तेल लावून बसू नका, चाला. तुमच्या मधूने लसीचा दुसरा डोस अजून घेतला नसेल तर त्याला माझं नाव सांगा, घेईल. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण रविवारी फोनच्या वेळी तुमचे बंधू माझ्या शेजारीच बसलेले असतात. म्हणून ईमेल. मधूकडून छापून घ्या आणि चष्मा लावून वाचा.

तुमच्या बंधूंची तब्येत उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणतात. ऑगस्टमध्ये कोविडमधून बरे होऊन वेस्टमीड हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा ऑक्सिजन सुटला होता, तोंडाला चवही आली होती. आला नव्हता तो फक्त विरोध. लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी माझं एकही म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलेलं नाही, हे तुम्ही जाणता. आता काहीही विचारा, उत्तर एकच: "बरं." आमटीत मीठ विसरले, बरं. क्रिकेट चालू असताना मुद्दाम टीव्हीसमोर उभी राहिले, तरी बरं. (इथल्या मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. त्यांनी असा माणूस महिनाभर घरात ठेवून पाहावा.) डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. म्हणून सिडनीच्या लोकांना बाहेरगावी जायची परवानगी मिळताच मितालीने बाबांसाठी स्नोई माउंटन्समध्ये ट्राउट मासे धरायची सहल ठरवली. माशांची आवड त्यांना जन्मापासून आहे, पण ती ताटातल्या. विचारलं तर म्हणाले, "बरं."

त्यात तुमचा नवस. भाऊ सुखरूप घरी आला की दुथडी भरलेल्या नदीची ओटी भरीन, असं पुण्यात बसून तुम्ही बोललात आणि फेडायचं काम माझ्याकडे पाठवलंत. मी रसायनशास्त्राची पदवीधर. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी खण, तांदूळ आणि शेंडीचा नारळ बॅगेत घातला, कारण न घालावा तर दर रविवारी ऐकावं लागलं असतं. शिवाय दुथडीची अट मला सुरक्षित वाटली होती. या देशात बहुतेक ठिकाणी पूल मोठा असतो आणि खाली पाणी घोटाभर.

आम्ही निघालो आणि पाऊस लागला. जिंदाबाईनला पोचलो तोवर थ्रेडबो नदी दुधाच्या चहासारखी झाली होती आणि काठावरची झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी होती. गळाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "नो वरीज." एवढ्या गढूळ पाण्यात माशांना काही दिसत नाही, पण कडेला जिथे पाणी गोल फिरतं तिथे प्रयत्न करा. तुमच्या बंधूंना छातीपर्यंतची रबरी विजार चढवून काठावर उभं केलं. त्यांनी गळाने एक झाड पकडलं, मितालीची टोपी पकडली आणि स्वतःची बाही पकडली. ते चालायचंच. पण पॅरामॅटाच्या कंपनीत बसून ज्याने जन्मभर पावसाच्या पाण्याचे नाले आखले, तो माणूस एवढ्या पुरासमोर उभा राहतो आणि सेकंदाला पाणी किती जातंय हे आपणहून सांगत नाही, हे बघून मला पहिल्यांदाच खरी काळजी वाटली.

शेवटच्या सकाळी मी वरच्या बाजूच्या पुलावर जाऊन ओटी भरली. (खण परत घेतला. नॅशनल पार्कात कापड टाकू नये एवढं मला कळतं.) नारळ सोडला, हात जोडले, परत फिरले. तेवढ्यात खालच्या वळणावरून आरोळी आली: "सुचित्रा! जाळी आण, जाळी!" काठीची कमान झाली होती. शेजारी गळ टाकून बसलेला केव्हिन नावाचा म्हातारा "ईझी मेट, ईझी" करत धावला. दोघांनी मिळून पुष्कळ वेळ झुंज दिली आणि ओटीचा नारळ बाहेर काढला. हूक शेंडीत रुतला होता. केव्हिन हसला नाही. नारळ उलटासुलटा करून पाहिला आणि गळाला कोणती माशी लावलीत एवढंच विचारलं. यांनीही गंभीरपणे सांगितलं. (त्या नकली माशीचं नाव मी लिहीत नाही. पत्र मधू छापणार आहे.)

मिताली म्हणाली, "बाबा, इट्स कॅच अँड रिलीज. पुट इट बॅक."

तुमचे बंधू म्हणाले, "अजिबात नाही."

वन्सं, हे दोन शब्द या घरात त्यांच्या आजारपणापासून कोणी उच्चारले नव्हते.

त्यांचं म्हणणं, नदीने नाकारलेली ओटी पुन्हा तिच्या गळ्यात मारायची नाही. "खण ठेवून घेतलास ना? मग नारळ परत येणारच!" माझं म्हणणं, ओटी भरली तिथे नवस फिटला, पुढे नारळ कुठे गेला ही नदीची खासगी बाब आहे. परतीच्या वाटेवर कूमापर्यंत खणावर वाद झाला. कॅनबेरापर्यंत मी नारळ पुलाच्या चुकीच्या बाजूने सोडला यावर. त्यासाठी त्यांनी गाडीच्या वाफ धरलेल्या काचेवर बोटाने नदीची वळणं काढली आणि सेकंदाला पाणी किती, तेही सांगितलं. मी आकडा चूक आहे म्हटलं. (मला त्यातलं काही कळत नाही.) गोलबर्नला मला हट्टी म्हणाले. मितालीने रेडिओ मोठा केला, तर दोघांनी मिळून तो बंद करायला लावला.

आता तो नारळ दिवाणखान्यात कपाटावर बसला आहे आणि तुमचे बंधू कोणाला हात लावू देत नाहीत. तरी नवस तुमचा असल्यामुळे तो फिटला, असं तुम्ही एका ओळीत कळवावं म्हणजे विषय मिटेल. मला वादाची हौस नाही.

मधूला आशीर्वाद. गुडघा हलता ठेवा.

तुमची,
सुचित्रा

ता. क. नवस फिटल्याची ती ओळ कळवू नका. रविवारी फोनवर त्यांना सांगा की नवस फिटलेला नाही, त्याच नदीची ओटी खणासकट पुन्हा भरायला हवी, आणि गळ टाकायला भाऊ जातीने हजर हवा. मी शेजारून कडाडून विरोध करीन. तिकडे लक्ष देऊ नका.

ता. क. २. काल हे पाठवायचं राहिलं. आज सकाळी तो नारळ मी चटणीसाठी फोडला. त्यावर तुमचे बंधू मला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फार बरं वाटलं.