फलकावरचे लाल दिवे

५ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी माझं विधेयक मी माझ्याच तोंडानं मागे घेतलं.

आधी फोनवर बायकोबरोबर, मू पोबरोबर, प्रार्थना केली. ती कारखान्यातली रात्रपाळी संपवून नुकतीच घरी आली होती, आवाजात झोप होती. मग तिनं विणलेला लाल सदरा घातला – आमचा, निर्वासित होऊन या देशात आलेल्या करेन लोकांचा, सणाला घालतात तो. विधानसभेत माझं पहिलंच विधेयक. बोलायचं थोडंच होतं. दवाखान्यात, शाळेत, कोर्टात सोळा वर्षांखालच्या मुलाला आईबापांचा दुभाषी म्हणून उभं करू नये. सरकारनं त्यासाठी माणूस द्यावा. एवढंच.

शेजारच्या बाकावरचा लॉएल ब्राक, गायीवाला, उठून म्हणाला, ‘मास्तर, हे माझ्या गायींना लागू आहे का? त्यांचंही घरात कोणी ऐकत नाही.’ मी म्हणालो, नाही, फक्त माणसांना. सगळे हसले. मागून कोणीतरी विचारलं, ‘तुमचं नाव एकदा नीट म्हणून दाखवता?’ मी म्हटलं – सॉ क्लो थू. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं.

मग मतदान. समोरच्या फलकावर नावापुढे दिवे लागतात – हो असेल तर हिरवा, नाही असेल तर लाल. सगळा फलक लाल झाला. हिरवा माझा एकट्याचा.

मी उठलो आणि म्हणालो, सभागृहाची इच्छा नसेल तर माझा आग्रह नाही, मी शब्द मागे घेतो. आमच्यात असंच करतात. निर्वासितांच्या छावणीतल्या बैठकीत सगळी वडीलधारी माणसं गप्प झाली, की बोलणाऱ्यानं आपला शब्द उचलून घ्यायचा. म्हणजे कोणाला तोंडावर नाही म्हणण्याची पाळी येत नाही.

हसणं थांबलं. लॉएलनं बाही ओढली. ‘बसा, मास्तर, बसा! गंमत आहे ती. पहिलं विधेयक आलं की आधी सगळे लाल दाबतात, मग हिरवं. आमची सगळ्यांची अशीच जिरवली होती.’

सभापतींच्या खुर्चीत आज त्यांच्या जागी दुसरा माणूस होता. त्यानं सवयीनं हातोडा आपटून मागे घेणं मंजूर करून टाकलं होतं. मागे घेतलेलं विधेयक त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही. मी नियम वाचलेले आहेत. गंमत कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती.

६ फेब्रुवारी

सकाळी बाकावर कोणीतरी सफरचंदाचा ‘पाय’, इथला भाजलेला गोड पदार्थ, आणून ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी आले. लॉएलच्या बायकोनं चेरीचा पाठवला. जो तो खांद्यावर हात ठेवतो – ‘आम्हाला फार वाईट वाटलं हो.’ खरंच वाटलंय, डोळ्यांत दिसतं. कोणावर रागवावं?

९ फेब्रुवारी, रविवार

घरी, लोनट्रीला. गावावर टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्याचा वास होता. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एह सी वाट बघत होती. शेजारी तिची मुलगी पॉ वाह.

‘गुरुजी, झालं का ते?’

झालं ते सांगितलं. तिला कळेना. ‘हसले? म्हणजे तुमच्या बाजूचे होते?’

‘हो.’

‘मग लाल का केलं?’

मी पुन्हा सांगितलं. सांगताना मलाही ते कळेनासं झालं.

पॉ वाह नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एह सीला दिवस गेलेले. दवाखान्यात डॉक्टरनं मुलीलाच सांगितलं – आईला सांग, पोटातलं बाळ जिवंत नाही, उद्या सकाळी परत घेऊन ये. मुलीनं सांगितलं, ‘आई, बाळ झोपलंय म्हणतात.’ एह सी निश्चिंत घरी आली. दुसऱ्या दिवशी कामावरही गेली. शेवटी कारखान्यातून उचलून नेली तेव्हा तिला कळलं.

तेव्हापासून पॉ वाह शाळेत एक शब्द बोलत नाही. तेव्हा ती माझ्या वर्गात होती. गणितं करते, लिहिते, चित्रं काढते. हजेरीला हात वर करते. बोलत नाही. मी तिच्यासाठी निवडणुकीला उभा राहिलो असं कोणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, रस्त्यांसाठी उभा राहिलो.

१० फेब्रुवारी

राजधानीत परत. बर्फ. काही झालं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बहुमतातल्या पक्षाचे नेते वर्न टॉफ्टे यांनी खोलीत बोलावलं. स्वतः कॉफी ओतून दिली.

‘मास्तर, आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे. मेलेलं विधेयक जिवंत विधेयकाच्या पोटात घालायचं. तुमचे शब्द माझ्या विधेयकात घेतो. जसेच्या तसे.’

त्यांचं विधेयक मला माहीत आहे. मांसाच्या कारखान्यांत रात्रीची साफसफाई चौदा वर्षांच्या मुलांना करता यावी. आईबापांची सही असली की झालं.

‘फक्त तुमचं मत हवं. जेमतेम जमतंय माझं. मतं समसमान झाली तरी विधेयक पडतं.’

मी म्हटलं, माझा कायदा मुलांना वाचवायला आहे.

‘आणि माझा त्यांना कमवायला. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून पहाटे गोठ्यात जातोय मी. मेलो का?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांचा. तिला नॉर्वेजियनच यायचं. डॉक्टर काय म्हणतो ते तिला मीच सांगितलं होतं. तुमचं विधेयक खोटं नाही, मास्तर. मला ते व्हायला हवंय.’

माणूस चांगला आहे. तेच अवघड.

‘विचार करतो’ म्हणालो आणि उठलो. आमच्यात याचा अर्थ नाही असा होतो. संध्याकाळी लॉएल पाठीवर थाप मारून गेला – ‘वर्न म्हणतो, मास्तर आपल्यात आले. शाबास!’

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चबाहेर पान खात उभी असलेली माणसं मला बघून सरळ झाली. बातमी पोचलेली. मू पोचा एक चुलतभाऊ आहे, ‘टा मला’ नावाचा; तो म्हणाला, ‘गुरुजी, ते चौदा वर्षांचं होतंय ना? माझा थोरला खांद्याला आलाय. हातभार लागेल.’

मी म्हटलं, तो शाळेत झोपेल.

‘आत्ता कुठे जागा असतो?’ सगळे हसले. मग ‘टा मला’नं पानाची पिंक टाकली आणि हळू आवाजात म्हणाला, ‘तुम्ही आता गालिच्यावर चालता. आमचं ओल्या फरशीवर आहे.’

घरी मू पोनं तालापॉ केलं होतं, तांदूळ आणि बांबूच्या कोंबांचं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या वाटीत आणखी वाढलं.

‘मी रात्रपाळीला उभी असते तेव्हाच साफसफाईवाले शेजारच्या विभागात शिरतात,’ ती म्हणाली. ‘त्यांत मुलं असतात. आत्ताही असतात, वय चोरून. वाफेत तोंडं दिसत नाहीत, पण उंचीवरून कळतं. उकळतं पाणी, औषधाचा फेस, आणि मांस कापायच्या यंत्रांची ती पाती. मी मान खाली घालते. उद्या तीच मुलं खरं वय सांगून येतील, एवढाच फरक.’

‘मग पॉ वाहचं काय?’

‘मला विचारू नका. निवडून तुम्ही आलात.’

२६ फेब्रुवारी

प्रार्थनेला बसलो. उत्तर आलं नाही. गुडघे तेवढे दुखले.

२ मार्च, रविवार

एह सीच्या घरी गेलो. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येतायत हे समजावलं. दुभाषी मिळेल, आणि रात्रीचं कामही.

तिनं विचारलं, ‘कायदा झाला तर ही बोलेल का?’

‘माहीत नाही.’

‘दुसऱ्या कोणाच्या पोरीला असं सांगावं लागणार नाही?’

‘नाही लागणार.’

तिनं आत पाहिलं. आतल्या खोलीत तिचा मुलगा झोपला होता, पॉ वाहचा भाऊ. पाय पलंगाच्या बाहेर आलेले. येत्या उन्हाळ्यात चौदाचा होईल. कागदावर सही करायची झाली तर ती करणार, हे तिलाही माहीत आणि मलाही. नवऱ्याची पाठ गेल्यापासून घर तिच्या एकटीवर आहे.

‘तुम्ही शिकलेले आहात, गुरुजी,’ ती म्हणाली. ‘जे कराल ते बरोबरच असेल.’

याहून जड काही कोणी माझ्यावर ठेवलेलं नाही.

निघताना पॉ वाहनं माझ्या हातात सोललेलं संत्रं दिलं. गाडीत बसून खाल्लं. वर्गात मी तिला नेहमी म्हणायचो – ठाऊक असेल तर बोल, भिऊ नकोस. काय तोंडानं म्हणायचो!

४ मार्च

माझ्या ‘विचार करतो’चा अर्थ टॉफ्टेंना जाऊन सांगायचं ठरवलं होतं. दारापर्यंत गेलो. आत हसण्याचे आवाज. परत आलो.

५ मार्च

उद्या मतदान. लाल सदरा धुऊन हीटरजवळ वाळत घातलाय.

६ मार्च, गुरुवार

टॉफ्टेंचं विधेयक दुपारी आलं. मी लाल दाबलं.

फलकावर माझं नाव लाल झालं आणि सभागृहात हसू फुटलं. लॉएल ओरडला, ‘घ्या! मास्तरांनी उट्टं काढलं!’ मागच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या. टॉफ्टेही हसत माझ्याकडे वळले. खूश होते – मला एकदाची गंमत कळली म्हणून. बोटानं खूण केली, आता हिरवं करा.

सगळे माझ्यासाठी थांबले. बराच वेळ थांबले.

मी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

समसमान मतं. माझे शब्दही त्यातच गेले. हातोडा पडला तेव्हा कोणी हसत नव्हतं.