काशाचा कीस

विरुन गाव, शुक्रवार

ती. दादास,
धाकट्या सुपादीचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. भट्टीच्या धुराचा खोकला कमी झाला आहे, आईला तसं सांग. तिने पाठवलेला सोयाबीनचा तेंपे सगळ्यांनी वाटून खाल्ला. तिचे गुडघे कसे आहेत?

आपला गामेलान, काशाच्या वाद्यांचा सगळा संच, तयार आहे. वाद्यं फक्त उजळायला पाठवली आहेत, असं तू बाबांना सांगितलंस. इथे तुझा निरोप वेगळाच आला. लग्नांत ती कीबोर्डबरोबर वाजायला हवीत, म्हणून सगळे सूर त्याच्याशी जुळवायचे.

आमचे मुख्य कारागीर पाक गिमान यांनी मोठ्या गाँगपुढे फुलं ठेवून क्षमा मागितली आणि पट्ट्या घासून सूर बदलायला कानस माझ्या हाती दिली. "घरचाच आहेस. तुझ्या हातून त्याला कमी दुखेल," म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडायचं तर बाजूला जाऊन रड रे. काशावर डाग पडतात."

काम मी नीट केलं आहे. एकही पट्टी बेसूर नाही. पण आजोबांनी लावलेला सूर, जो दुसऱ्या कुठल्याच गावात नव्हता, तो आता आपल्याही गावात नाही. घासलेलं कासं परत चिकटत नाही.

बाबा उठून बसू लागले का? चालता आलं की ते आधी वाद्यांकडेच जातील आणि एका ठोक्यात ओळखतील. तेव्हा मी तिथे नसेन, तू असशील.

सोबत पुडीत कीस पाठवतो आहे. आवाज कुठे गेला असं बाबांनी विचारलं, तर ती त्यांच्या हातात दे.

तुझं सांगितलेलं ऐकणारा,
सुपादी