कॉम्प्युटरला झोपवू नकोस

फर्गल,

शिसारी आलीय मला, तुझी आणि माझीही. आपला कॉम्प्युटर रिकामा असला की तुझ्या आईच्या आजारावर संशोधन करणाऱ्यांची गणितं सोडवतो, हे तुला ठाऊक होतं. तरी वीज वाचवायला तू त्याला अर्ध्या तासाने झोपायला लावलंस. विचारलं तर म्हणालास, "बाबा, झोपला तरी आतून चालूच असतो." मीही गाढवासारखी मान डोलावली. आपण रात्री चुलीतले पीटचे, त्या दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीचे, निखारे राखेखाली झाकतो आणि सकाळी ते जिवंत सापडतात, तसंच असेल वाटलं. कसलं काय! झोपला की तो मढ्यासारखा पडतो. उत्तर पाठवायची मुदत आज संपली आणि जवळपास पुरं झालेलं गणित त्यांनी रद्द केलं. पडद्यावर आलेला तो निरोप एकेक अक्षर लावत तीनदा वाचला.

ती झोप कायमची बंद करायला वाचनालयातल्या नुआलाबाईंना आणायला चाललोय. पुन्हा त्याला हात लावलास तर तुझी बोटं मोडीन.

हा आजार रक्तातून उतरतो. परवा तुझ्या हातातला कप बशीवर वाजत होता. आईचाही असाच वाजायला लागला होता. तपासणीला जा. मी बरोबर येतो.

बाबा